घोड्यांच्या तबेल्यासाठी निधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सासवडच्या पुढे भाड्याने घेतलेल्या जमिनीवर, सोडवून आणलेल्या घोड्यांसाठी आमच्या ट्रस्टने आठ ठाणांचा (ठाण म्हणजे एका घोड्याचा खण) तबेला बांधायला घेतला आहे. निधी गोळा करायला लागल्यापासून फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. कुणाला पाठवायचं असेल तर हवं तेवढंच उत्तर कापून पाठवा.

१. घोडा उघड्यावर राहणारं जनावर. कुंपण घातलेलं रान पुरणार नाही का?

धडधाकट घोड्याला पुरतं. सावली, पाणी आणि सोबतीला दुसरा घोडा असला की तो बाहेर मजेत राहतो. आमचेही घोडे दिवसाचा बराच वेळ बाहेरच असणार आहेत. पण आमच्याकडे येणारे घोडे बहुधा धडधाकट नसतात. कुणाच्या पाठीला खोगिराने जखम झालेली असते, कुणाचा पाय सुजलेला असतो, कुणी इतका रोडावलेला असतो की बरगड्या मोजता येतात. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की बघता बघता अळ्या पडतात. चिखलात सतत उभं राहिलं की खुराचा तळवा कुजू लागतो. घोडा उभ्याने डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला रोज थोडा वेळ आडवं व्हावंच लागतं, आणि ओल्या किंवा धास्तीच्या जागी तो आडवा होत नाही. शिवाय या भागात बिबट्याचा वावर आहे. शिंगरू रात्री बाहेर ठेवण्याचा धोका आम्ही घेऊ शकत नाही.

२. हे घोडे येतात कुठून?

वरातीच्या घोड्या, टांग्याचे घोडे, मुलांना पाठीवर बसवून फेऱ्या मारणारे, शर्यतीतून निवृत्त होऊन हातोहात विकले गेलेले. चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे वरातीच्या घोडीची कमाई थांबते, खाणं मात्र चालू असतं. मग काही मालक तिला रस्त्यावर चरायला सोडून देतात आणि ती कचराकुंडीपाशी प्लॅस्टिकसकट उकिरडा खाताना दिसते.

काही घोडे मालक स्वतःहून लेखी सोडचिठ्ठी देऊन आणून सोडतात. काही प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हा नोंदवल्यावर येतात. त्यांचं वेगळं त्रांगडं आहे, ते प्रश्न १६ मध्ये वाचा.

३. तबेला नेमका केवढा असणार आहे?

प्रत्येक ठाण १२ बाय १२ फुटांचं. चार-चार ठाणांच्या दोन रांगा, मधे १२ फुटांची वाट. म्हणजे छताखाली ३६ बाय ४८ फूट, एकूण १,७२८ चौरस फूट. एका जागी दोन ठाणांमधली भिंत काढता येईल अशी ठेवली आहे, गाभण घोडी किंवा शिंगरू असलेली घोडी आली तर तिला दुप्पट जागा मिळावी म्हणून. वैरणीचं गोदाम आगीच्या भीतीने तबेल्यापासून लांब आहे. आजारी घोड्यांची शेड त्याहून लांब (प्रश्न १५).

४. पत्र्याची शेड तर स्वस्तात होते. एवढा पैसा कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो विचारायलाच हवा.

पहिला खर्च जमिनीखालचा. आमच्या जागेवर काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर सरळ बांधकाम केलं तर दोन-तीन वर्षांत फरशी उचलली जाते. म्हणून काळा थर काढून मुरूम भरायचा, तो पाणी मारून दाबायचा आणि जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चांगलं उंच घ्यायचं. या कामाचा फोटो कुणी शेअर करत नाही, पण सगळा तबेला त्याच्यावर उभा राहतो.

दुसरा छताचा. गाईच्या गोठ्याची उंची घोड्याला चालत नाही. दचकून मागच्या पायांवर उभा राहिला तर डोकं वर आपटतं. म्हणून छताची खालची कड १२ फुटांवर आणि माथ्यावर हवा जायला लांबलचक फट. नुसता पत्रा एप्रिल-मेमध्ये भट्टीसारखा तापतो, त्यामुळे पत्र्याखाली उष्णतारोधक थर लागतो. हवा खेळती राहणं हे घोड्याच्या फुप्फुसांसाठी अत्यंत महत्त्वाचं आहे. मुताच्या अमोनियाने आणि वैरणीच्या धुळीने त्याला खोकला लागतो, आणि जुनाट खोकला बरा करणं फार कठीण.

तिसरा आतल्या भिंतींचा. घोड्याच्या लाथेत केवढी ताकद असते हे पाहिलेल्यांना सांगायला नको. खालचा भाग जाड फळ्यांचा, वर लोखंडी सळया, आणि दोन सळयांमधली फट तीन इंचांहून कमी, नाहीतर खूर अडकून पाय मोडतो. शेजारचा घोडा दिसत राहिला पाहिजे, कारण एकटा कोंडलेला घोडा डुलायला लागतो, लाकूड चावायला लागतो.

खाली सिमेंटची फरशी टाळली आहे. ती घसरडी असते आणि सांध्यांना कडक लागते. दाबलेला मुरूम, त्यावर रबरी चटई, तिच्यावर भाताचं तूस. विजेच्या सगळ्या तारा पाइपमधून आणि घोड्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशा.

छताचा एक फायदाही सांगते. १,७२८ चौरस फूट म्हणजे साधारण १६० चौरस मीटर. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला तर त्या छतावर ८० हजार लिटर पाणी पडतं. एका घोड्याला रोज ३० ते ४० लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पुरंदरमध्ये टँकरची वाट पाहणं काय असतं हे माहीत असलेल्यांना पन्हळ आणि टाकीवर आम्ही का खर्च करतोय ते लगेच कळतं.

५. मी पैसे बांधकामाला देऊ की वैरणीला?

एकच निवडायचं असेल तर वैरणीला द्या. तबेल्यासाठी निधी मागणाऱ्यांनी हे म्हणावं याचं अनेकांना नवल वाटतं, पण आमचं मत पक्कं आहे.

४०० किलोच्या घोड्याला रोज वजनाच्या साधारण दोन टक्के, म्हणजे आठ किलो कोरडी वैरण लागते. वर्षाला जवळपास तीन टन. आठ घोड्यांना चोवीस टनांच्या आसपास. यात चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, धरलेली नाही. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद येऊन खूर तासतो, तो खर्च वेगळा. जंताचं औषध, धनुर्वाताची लस, डॉक्टर वेगळे. आणि घोड्यांची निगा राखणाऱ्या दोन मोतद्दारांचा पगार, जो आम्ही वेळेवर आणि पुरेसा देतो, कारण घोड्याचं बरंवाईट शेवटी त्यांच्याच हातात असतं. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. भिंत एकदा बांधली जाते, भूक रोज लागते.

म्हणून आमचा नियम असा: ज्या ठाणासाठी पुढच्या वर्षभराच्या वैरणीचे आणि देखभालीचे पैसे बाजूला ठेवलेले नाहीत, त्या ठाणात नवा घोडा आणायचा नाही. आठ ठाणं बांधून झाली आणि पैसे पाच घोड्यांपुरतेच असले तर तीन ठाणं रिकामी राहतील. ते पाहून काहीजण आम्हाला रागावतील. त्यांचा राग आम्हाला मान्य आहे, उपाशी घोडा नाही.

बांधकाम आणि वैरण यांच्यात थेट नातं असलेली एक गोष्ट म्हणजे गोदाम. रब्बीच्या ज्वारीची काढणी झाली की कडबा स्वस्त मिळतो, उन्हाळा चढला की भाव चढतो. वर्षाचा कडबा तेव्हाच भरून ठेवता आला तर दरवर्षी पैसे वाचतात. ज्यांना बांधकामालाच द्यायचं आहे त्यांनी ‘गोदाम’ असं लिहून पाठवावं, ही माझी स्वतःची शिफारस.

६. पैसे कसे पाठवायचे? रोख चालतील का?

यूपीआय, बँक ट्रान्सफर किंवा ट्रस्टच्या नावाने चेक. बांधकाम आणि वैरण यांची खाती वेगळी आहेत, कुठल्या खात्यात भरता ते बघून भरा. कुणाही कार्यकर्त्याच्या वैयक्तिक नंबरवर पैसे पाठवू नका, तो कार्यकर्ता तुमच्या ओळखीचा असला तरी. रोख घेतो, पण हातात छापील पावती पडल्याशिवाय देऊ नका. करसवलत हवी असेल तर आधी पुढचं उत्तर वाचा.

७. ८०जीची सवलत मिळते का?

मिळते, पण तीन अटी लक्षात घ्या. सवलत देणगीच्या निम्म्या रकमेवर असते, आणि त्यालाही तुमच्या उत्पन्नाशी बांधलेली कमाल मर्यादा आहे. २,००० रुपयांहून जास्त रोख दिले तर त्या देणगीवर सवलत नाही. आणि तुम्ही नवी करप्रणाली निवडली असेल तर ही सवलत अजिबात लागू होत नाही. अनेक पगारदार मंडळींच्या हे शेवटी लक्षात येतं. देताना पॅन क्रमांक द्या. आयकर खात्याच्या पोर्टलवरून निघणारं प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यानंतर मिळतं, लगेच मिळते ती आमची साधी पावती.

८. मला नाव न सांगता द्यायचंय.

तुमचं नाव आम्ही कुठेही लावणार नाही, छापणार नाही. पण आमच्या वहीत नाव-पत्ता लागतो. निनावी देणग्या एका मर्यादेपुढे गेल्या की ट्रस्टला त्यावर कर भरावा लागतो, म्हणजे घोड्यांच्या तोंडचा घास जातो.

९. पैशांऐवजी सिमेंट, पत्रे, जुनं लाकूड दिलं तर?

आधी फोन करा. नवं सिमेंट, लोखंड, पाण्याच्या टाक्या, चांगल्या अवस्थेतले पत्रे आनंदाने घेतो. वस्तुरूप देणगीवर ८०जीची सवलत मिळत नाही, वस्तूची पावती मात्र देतो. काटेरी तार नको, घोडा घाबरून तिच्यात शिरला की कातडं फाटतं. रेल्वेचे जुने स्लीपर किंवा रसायन लावलेलं लाकूडही नको, कारण घोडे लाकूड कुरतडतात आणि ते रसायन पोटात जातं.

१०. लग्नात उरलेलं अन्न, पोळ्या, गाईचं पशुखाद्य आणून देऊ का?

कृपा करून देऊ नका. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं चुकीचं अन्न बाहेर काढायचा तो रस्ताच त्याच्याकडे नाही. जिलब्या, भात, पोळ्या यांनी पोटशूळ उठतो, आणि पोटशुळाने घोडा काही तासांत जाऊ शकतो. गोड आणि पिष्टमय खाण्याने खुराच्या आत दाह होऊन तो कायमचा लंगडा होऊ शकतो.

कोंबड्यांच्या आणि काही गाईगुरांच्या खाद्यात मोनेन्सिनसारखी औषधं मिसळलेली असतात. गाईला ती चालतात, घोड्याला थोड्या मात्रेतही जीवघेणी ठरतात. बुरशी लागलेला कडबा आणि कोवळी हिरवी ज्वारीही नको. द्यायचंच असेल तर लसूणघास, ओटचा वाळलेला चारा किंवा स्वच्छ हरभरा, आणि तेही विचारून.

११. माझा मुलगा अमेरिकेत आहे. त्याला देणगी देता येईल का?

त्याचा पासपोर्ट कुठला आहे यावर ते ठरतं. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवत असेल तर ती परकीय देणगी मानली जात नाही, आम्ही घेऊ शकतो. तो अमेरिकेचा नागरिक झाला असेल आणि हातात ओसीआय कार्ड असेल तर तो कायद्याच्या दृष्टीने परकीय स्रोत आहे. २०१० च्या परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी असल्याशिवाय असे पैसे घेता येत नाहीत, आणि आमची नोंदणी नाही. रक्कम किती लहान आहे याने फरक पडत नाही. त्याचे पैसे तुमच्या खात्यात मागवून तुमच्या नावाने द्यायचा आडमार्ग बरेचजण सुचवतात. तो आम्हाला नको. त्याची इच्छा असेल तर पुण्यात आल्यावर त्याने दोन दिवस श्रमदानाला यावं (प्रश्न १८).

१२. आमच्या कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) मदत मिळेल का?

कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात प्राणी कल्याणाचा उल्लेख आहे, त्यामुळे दार उघडं आहे. त्यासाठी संस्थेची सीएसआर नोंदणी आणि निदान तीन वर्षांचं काम लागतं, दोन्ही आमच्याकडे आहे. कंपन्यांना दिसणारं, मोजता येणारं काम आवडतं: सौर दिवे, टाक्या, छत. ते त्यांनी जरूर द्यावं. पण तुमचा शब्द कंपनीत चालत असेल तर मोतद्दारांच्या पगारासाठी बोलून बघा.

१३. आमच्या सोसायटीत किंवा गणेश मंडळात आम्ही वर्गणी काढू का?

काढा, पण आमच्याकडून अधिकारपत्र आणि क्रमांक घातलेलं पावतीपुस्तक घेऊन. धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करण्यावर महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं बंधन आहे. उत्सवाच्या आधी मंडळं धर्मादाय कार्यालयातून वर्गणीची परवानगी घेतात ती याच कायद्याखाली. शक्यतो क्यूआर कोडचा फलक लावा, म्हणजे पैसे थेट ट्रस्टच्या खात्यात येतील आणि तुमच्यावरही बालंट येणार नाही. वापरलेली-न वापरलेली सगळी पुस्तकं परत लागतात.

अनेक मंडळं विचारतात, मिरवणुकीत तुमचा एखादा देखणा घोडा आणता का, निधी भरभर जमेल. नाही आणणार. ढोल-ताशे आणि गुलाल यांतूनच कित्येक जण सुटून आमच्याकडे आले आहेत. याच कारणाने वाढदिवसाला मुलांना पाठीवर बसवून फेऱ्या मारणं वगैरेही नाही. मुलांना घेऊन इकडे या, खरारा करायला, म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करायला शिकवू. तो त्यांना जास्त आवडतो.

१४. जागा भाड्याची, मग तिच्यावर आमच्या पैशाने पक्कं बांधकाम का?

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, ट्रस्टला ती सहजासहजी विकत घेता येत नाही. बिगरशेती जमीन पुण्याच्या जवळ आमच्या आवाक्यात नाही. म्हणून दीर्घ मुदतीचा, नोंदणी केलेला भाडेपट्टा केला. सांगाडा वेल्डिंग न करता नटबोल्टने जोडायचा ठरवलं आहे. उद्या जागा सोडावी लागली तर खांब, कैच्या, पत्रे, फळ्या, चटया हे सगळं उचलून नेता येईल. मागे राहील तो मुरूम आणि जोतं. बांधकाम परवानगीचे कागद पाहायचे असतील तर भेटीच्या दिवशी मागा, फाइल तिथेच असते.

१५. आजारी घोड्यांची वेगळी शेड हा जादा खर्च नाही का?

हा खर्च आम्ही कुठल्याही परिस्थितीत कमी करणार नाही. घोड्यांना ग्लँडर्स नावाचा जिवाणूजन्य रोग होतो आणि तो माणसालाही होऊ शकतो. त्याची खबर सरकारला देणं कायद्याने बंधनकारक आहे, हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात रक्ताची तपासणी होते, आणि रोग निघाला तर त्या घोड्याला दयामरण द्यावं लागतं. त्यावर मान्य उपचार नाही. म्हणून नवीन आलेला प्रत्येक घोडा निदान तीन आठवडे वेगळा राहील. त्याची बादली, खरारा, दावं सगळं वेगळं. एका चुकीने सगळी पागा जाऊ शकते.

१६. मी पैसे दिलेला घोडा मला दत्तक मिळेल का? निदान ज्याच्याकडे जागा आहे त्याला द्याल का?

मालकाने लेखी सोडलेला घोडा योग्य माणसाला देतो, घर पाहून आणि करार करून. गुन्ह्यात जप्त झालेला घोडा मात्र आमच्या मालकीचा नसतो. न्यायालयाच्या आदेशाने तो फक्त सांभाळायला दिलेला असतो, आणि खटला संपेपर्यंत तो कुणालाही देता येत नाही. २०१७ च्या नियमांप्रमाणे या काळातला खर्च मालकाकडून वसूल व्हायला हवा. वसुलीची वाट बघत घोडा उपाशी राहू शकत नाही, त्यामुळे तोवर तो खर्च तुमच्या देणगीतूनच होतो. वसूल झालेली रक्कम पुन्हा वैरण खात्यात जमा होते.

१७. मालकाला पैसे देऊन घोडा सोडवून का घेत नाही? मी लगेच देतो.

ही सगळ्यात कळकळीने येणारी विनंती, आणि आमचं उत्तर नाही असंच आहे. त्या पैशात मालक दुसरा घोडा आणतो आणि पहिल्याच्या जागी दुसरा उभा राहतो. मालकांपैकी बरेचजण स्वतः ओढगस्तीत असतात, त्यांना राक्षस ठरवून काही साधत नाही. त्यांच्या घोड्यांसाठी मोफत खूरतासणी आणि जंताचं औषध आम्ही देतो, जखमी घोड्याला बरा होईपर्यंत काम देणार नाही असं लिहून घेतो. तरीही छळ चालू राहिला तर पोलिसांत तक्रार. रस्त्यात असा घोडा दिसला तर जागा, वेळ आणि जखमेचा स्पष्ट फोटो पाठवा. मालकाशी हुज्जत घालू नका, घोडा लगेच नाहीसा होतो.

१८. पैसे नाहीत, पण हात आहेत. काय करू?

दर रविवारी सकाळी श्रमदान असतं. मुरूम पसरणं, फळ्यांना तेल लावणं, कडबा रचणं, लीद उचलणं. आठ घोड्यांची रोज शंभर किलोहून जास्त लीद निघते. तिचं खत करून गच्चीवर बाग करणाऱ्या पुणेकरांना विकतो आणि ते पैसेही वैरणीला जातात. हिशोब लिहिता येणारं कुणी असेल तर त्यांची आम्हाला मुरूम टाकणाऱ्यांइतकीच गरज आहे. पूर्ण बूट घालून या. चपलेवर घोड्याचा पाय पडला तर बोटं जातात.

१९. ठाणावर वडिलांच्या नावाची पाटी लावाल का?

सगळ्या देणगीदारांची नावं एकाच फलकावर, एकाच आकारात, रक्कम न लिहिता. ठाणावर पाटी फक्त घोड्याच्या नावाची असते, आणि तिच्याखाली त्याचं खाणं आणि औषध.

२०. पुरेसे पैसे जमलेच नाहीत तर?

काम टप्प्यांनी आखलं आहे: आजारी घोड्यांची शेड, गोदाम, मग चार ठाणं, मग उरलेली चार. प्रत्येक टप्प्याचे पैसे पूर्ण हातात आल्यावरच त्याची कुदळ पडते, त्यामुळे अर्धवट खांब उभे राहणार नाहीत. बांधकामासाठी जास्त जमले तर ते आपोआप वैरणीकडे वळवत नाही. ज्यांनी दिले त्यांना विचारतो, आणि ज्यांचं उत्तर येत नाही त्यांचे पैसे बांधकामाच्याच खात्यात दुरुस्तीसाठी राहतात.

२१. मी दरमहा ज्या घोड्यासाठी पैसे देते तो गेला तर कळवाल?

त्याच दिवशी, फोन करून. काही घोडे फार उशिरा पोहोचतात. पाय दुरुस्त होण्यापलीकडे मोडलेला असेल किंवा वेदना थांबत नसतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही त्याला झोपवतो. त्या निर्णयामागे खर्चाचा विचार कधीही नसतो. का, केव्हा, कुणाच्या सांगण्यावरून, हे सगळं तुम्हाला लेखी मिळेल. पुढचे पैसे दुसऱ्या घोड्यासाठी चालू ठेवायचे की थांबवायचे हे तुम्ही ठरवा, आणि ठरवायला हवा तेवढा वेळ घ्या.